सदूभाऊंची फाइल सगळीकडे उघडते

महाडात लग्नपत्रिका छापून घ्यायची घाई असेल तर सदूभाऊंच्या दुकानाकडे फिरकू नका. एसटी स्टँडामागच्या त्या दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत आणि भाऊ प्रत्येक काम तिन्हींवर उघडून बघतात. पहिल्यावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स. तिसरा म्हणजे तळहाताएवढा एक बोर्ड, त्यात मोबाइलच्या जातीचा प्रोसेसर. तिन्हींवर चित्रं-अक्षरं मांडायचं एकच फुकटचं सॉफ्टवेअर. तिन्हींवरून प्रिंट काढायची आणि गणपतीच्या सोंडेपासून किनारीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. केसभर फरक पडला की लग्न थांबलंच म्हणून समजा.

"हितं उघडली आन् तितं नाय उघडली, ती फाइल कसली?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका गृहस्थांच्या मुलाला हळद लागली तरी त्याची पत्रिका बोर्डावरच अडकली होती. गृहस्थ तावातावाने दुकानात आले. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि प्रोसेसर बदलला की सॉफ्टवेअर नव्याने का बांधावं लागतं, हे तासभर समजावून सांगितलं. आमंत्रणं शेवटी फोनवरून झाली. पत्रिका मात्र देखणी आली, लग्नानंतर.

पुराचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा लोकांनी दागिने आणि धान्य माडीवर नेलं. भाऊंनी एकेक करून तिन्ही कॉम्प्युटर नेले. वहिनींचं शिलाई मशीन खालीच राहिलं. वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत आणि भाऊंच्या ते लक्षातही आलं नाही.

मी बिरवाडीला शाळेत शिकवतो. परवा स्नेहसंमेलनाची प्रशस्तिपत्रकं आणायला गेलो, चौथ्यांदा. चार खरमरीत वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. दुपारचे तीन वाजले होते. भाऊ मोबाइल समोर ठेवून बसले होते.

"सर, जरा बसा. दादाकडं फाइल गेलीय."

दादा म्हणजे त्यांचे मुंबईतले थोरले भाऊ. पोलादपूरच्या वरच्या अंगाला यांची वाडी. तिथल्या घराची कौलं काढून पत्रे घालायचे की नाही यावरून दोघांचं बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली. येणंजाणं बंद. पण गावच्या पालखीचं पत्रक दोघांनी मिळून करायची रीत मोडली नव्हती. ग्रामस्थांची नावं सदूभाऊंनी घालायची, मुंबई मंडळाची दादांनी, फाइल एकच. यंदा दादांनी मोबाइलच्याच जातीच्या प्रोसेसरचा नवा मॅक कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यावर फाइल उघडेना. मंडळातले लोक म्हणाले, पत्रक इथेच कुणाकडून तरी करून घेऊ.

"मंग संपलंच की," भाऊ म्हणाले. "वर्षातनं एकदा फाइल जाते, एकदा येते. तेवढंच हाय आमचं."

"म्हणून तो बोर्ड घेतलात?"

"दादा कधी कुठलं मशीन घेईल, काय नेम हाय? आपली तयारी पायजे."

दादांच्या मशीनला चालेल असं बांधलेलं तेच सॉफ्टवेअर त्यांनी आठ दिवस खपून शोधलं होतं. ते कसं बसवायचं हे एकेक पायरी लिहून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. थेट दादांना पाठवायची हिंमत झाली नव्हती. मला माझ्या चार वाक्यांची लाज वाटली.

फोन वाजला. गडबडीत भाऊंचं बोट स्पीकरवर पडलं.

"उघडली," पलीकडून जाड आवाज आला.

"नावं?"

"हायत जागच्या जागी."

"किनार?"

"ती पण."

आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊ फोनकडे बघत राहिले. तिकडूनही कुणी फोन ठेवला नाही.

"सदू," दादा म्हणाले, "जेवलास काय रे?"

"नाय अजून," भाऊ म्हणाले आणि हाताला लागला तो कागद घेऊन त्यांनी डोळे पुसले. ते माझ्या शाळेचं प्रशस्तिपत्रक होतं. मी दुसरंही त्यांच्यापुढे सरकवलं.