पालीचे पर्यटक नारकर

भाईंदर पूर्वेहून समुद्रकाठच्या पाली कोळीवाड्याला पोहोचायला बसने फार तर तासभर लागतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे नारकर त्यासाठी तीन दिवस सामान बांधतात.

दर वर्षी पंचवीस डिसेंबरला सकाळी जिन्यावर चाकांची बॅग ठकठक आपटत खाली येते. मग गवती हॅट, गॉगल आणि अर्धी विजार अशा थाटात नारकर आमच्या दारात उभे राहतात. आज वय बहात्तर. सगळी नोकरी औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात गेलेली, त्यामुळे बॅगेवर वर तोंड केलेला बाण आणि 'जपून हाताळा' अशी चिठ्ठी असते.

"निघालो हो वहिनी, हिवाळी सुट्टीला! एक तारखेला परत."

"अहो नारकर, पाली आपल्याच महापालिकेत येते," मी एकदा म्हणालो. "घरपट्टी एकाच ठिकाणी भरतात सगळे."

"सावंत, पर्यटकाने घरपट्टीचा विषय काढायचा नसतो."

पर्यटकाने काय करायचं नसतं, याची त्यांच्याकडे न संपणारी यादी आहे. पर्यटकाने वर्तमानपत्र वाचायचं नसतं. भाव विचारायचा असतो, पण पटला नाही तरी घ्यायचं असतं. तिसऱ्या दिवशी न चुकता फोन यायचा, "इकडे हवा फार सुंदर आहे. तुमच्याकडे कशी?"

तुमच्याकडे! मधे एक डोंगर आणि दोन पेट्रोल पंप. हवा तीच असणार हे मला ठाऊक होतं. तरी मी खिडकी उघडून बघायचो.

माझी बायको या सगळ्याला पदर तोंडाला लावून हसायची. माझ्या एकाही बोलण्यावर ती चाळीस वर्षांत तशी हसलेली नाही. त्याच आठवड्यात माझा मुलगा बायको-मुलांना घेऊन गोव्याला जायचा आणि आम्हाला फोटो पाठवायचा. त्याचा मला हेवा वाटला नाही. वाटला तो नारकरांचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पेन्शन माझ्याहून कमी. माझ्यापेक्षा खूश असायचं या माणसाला काही कारणच नव्हतं.

सात वर्षांपूर्वी बायको डिसेंबरात रत्नागिरीला बहिणीकडे गेली. नारकर म्हणाले, "चला सावंत, दोन खाटांची खोली आहे."

गेलो. ते तिथे जाऊन एकटे पडत असतील आणि आपल्याला ते बघायला मिळेल, अशी मनात आशा होती.

बसमधून उतरलो तर गल्लीतली पोरं "नारकरकाका!" करत धावत आली. पास्कोल आणि मार्था या कोळी जोडप्याकडे त्यांची खोली. मार्थाने आल्या आल्या केकचा तुकडा हातात दिला. "काका, उशीर झाला यंदा. आम्ही बसची वाट बघतोय." घराघरांतून बोलावणी. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून नारकर हॅट हलवत चालायचे आणि मी त्यांच्या मागून. "तुमच्याबरोबर आलेले कोण?" असं लोक मला नाही, त्यांना विचारायचे.

खोलीत गेल्यावर नारकरांनी बॅगेतून एक शर्ट काढला. क्रीम रंगाचा, अर्ध्या बाह्यांचा, त्यावर नारळाची झाडं. खिडकीजवळच्या खिळ्यावर त्यांनी तो हँगरला लावून टांगला. सहा दिवस तो तिथेच होता. एक तारखेला घालून गावभर मिरवायचं असणार, असं मी धरून चाललो.

तिकडे वर्ष संपताना पोरं पेंढ्याचा म्हातारा करतात. सरलेलं वर्ष म्हणजे हा म्हातारा. त्याला जुने कपडे घालून दिवसभर गल्लीच्या तोंडाशी खुर्चीवर बसवतात आणि बारा वाजता जाळतात. त्याचा शर्ट दर वर्षी नारकरांचा. तोही इस्त्री केलेला. "वर्ष जातंय, त्याला उघडं का पाठवायचं?" म्हणायचे.

एकतीस तारखेला दुपारी ते पास्कोलबरोबर होडी बघायला निघाले. जाताना मला म्हणाले, "पोरं आली तर बॅगेवरचा चौकड्यांचा द्या."

पोरं आली. "काका, म्हाताऱ्याचा शर्ट!"

मी चौकड्यांचा उचलला. खिळ्याकडे बघितलं. उद्या हा माणूस नारळाची झाडं घालून घरोघर फिरणार आणि मी मागून चालणार. मी चौकड्यांचा परत बॅगेवर ठेवला आणि खिळ्यावरचा काढून दिला.

संध्याकाळी नारकर परतले आणि खुर्चीसमोर थबकले. "अरेच्चा! चुकून दिला वाटतं मी," मी म्हणालो. पास्कोल पुढे धावला, "काढतो काका, आता काढतो."

मार्था माझ्या कानाशी म्हणाली, "तो काकीनं शिवलेला हाय. रिटायर झाल्यावर दोघं समुद्रावर सुट्टीला जाणार होती, तेव्हा घालायला. काकी राहिली न्हाय. काका दर वर्षी आणतात, दर्या दिसेल असा टांगतात. अंगात घातलेला आम्ही कधी बघितला न्हाय."

नारकरांनी पास्कोलचा हात धरला. पोरांनी शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं होतं. ते त्यांनी लावलं आणि कॉलर सारखी केली.

"राहू दे. पर्यटकाने पोरांचा खेळ मोडायचा नसतो."

बारा वाजता सगळी गल्ली बाहेर होती. नारकर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या खाटेवर मी झोपेचं सोंग घेतलं.

पुढे ही गोष्ट मी सोसायटीत विनोद म्हणून सांगितली. सावंतांचा वेंधळेपणा. सगळे हसले, नारकरसुद्धा. माझ्या गोष्टीवर पहिल्यांदाच एवढी माणसं हसत होती. बायको तेवढी हसली नाही.

पुढच्या डिसेंबरात नारकर चोवीस तारखेलाच दारात आले. "सावंत, तुमचा एक शर्ट द्या."

"म्हाताऱ्याला?"

"छे, त्याला माझा आहे. खिळ्याला हवाय. रिकामा खिळा बघवत नाही."

मी कपाट उघडलं. "कोणता देऊ?"

"तुम्हीच निवडा. मागच्या खेपेला नीट बघून निवडलात ना?"

आवाजात राग नव्हता. ते नुसते वाट बघत उभे होते. मी म्हणालो, "चुकून हो, नारकर."

"बरं," ते म्हणाले आणि शर्टाची घडी करून घेऊन गेले.

तेव्हापासून दर वर्षी माझा शर्ट पालीला सुट्टीवर जातो. तिसऱ्या दिवशी फोन येतो, "तुमच्या शर्टाला हवा मानवली आहे. तुम्ही कधी येताय?" मी गुडघ्यांचं कारण सांगतो. गुडघे ठीक आहेत.

नारकर, तो चुकून दिला नव्हता. चौकड्यांचा मी आधी हातात घेतला होता. हे लिहून ठेवलंय. पंचवीस तारखेला तुमची बॅग जिन्यावर वाजली की कागद तुमच्या हातात देईन. दारात उभ्याने वाचा. वाचूनही शर्ट मागितलात, तर यंदा तो अंगात घालून मीच येतो.