दुसरी किल्ली

मेश्राम सरांना कुणी "उद्या येतो" म्हटलं, की ते शांतपणे विचारत, "अन् येनं झालं नाही तं?" त्यामुळे बरेच लोक येतो म्हणायचेच बंद झाले.

कॉम्प्युटरला कापडी खोळ घालून ठेवायचे ते दिवस. आदिलाबादेत माझ्या टायपिंग क्लासशेजारी सर 'सी' भाषा शिकवत. प्रोग्रॅममध्ये मशीनकडे मेमरी मागितली तर ती मिळालीच असं धरायचं नाही, आधी फसलं का ते बघायचं, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा, मिळालेल्या मेमरीला मालक एकच. दोन झाले, की एक ती सोडून देतो, दुसरा तीच वापरत बसतो आणि मशीन मान टाकतं.

इथवर ठीक होतं. पण सर जगतही याच नियमांनी. क्लासची असो वा घराची, किल्ली एकच. दुसरी करा म्हटलं तर म्हणत, "एका कुलपाले दोन मालक काऊन पाह्यजेत?" एकदा ती खिशात घालून ते बोथ गावी लग्नाला गेले आणि त्यांचे विद्यार्थी दिवसभर माझ्या बाकांवर जांभया देत बसले.

मग भीमपूरच्या शाळेतल्या सुनंदा मॅडम शिकायला आल्या आणि चाळिशीतले एकटे सर रोज दाढी करू लागले. शेवटी मीच त्यांना ढकलत मागणी घालायला मॅडमच्या भावाकडे नेलं. बसमध्ये सरांनी सगळी तयारी ऐकवली. भाऊ चिडला तर काय, मॅडम हसल्या तर काय, चहाच आला नाही तर कधी उठायचं. नकारावरचं उत्तर तर इतकं सुरेख होतं, की नकारच यावा असं मला वाटू लागलं.

सरांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "चालते मले."

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग माझ्या कानाशी आले, "आता काय म्हनायचं असते?"

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. आपल्याला कुणी हो म्हणेल, हे या माणसाने कधी धरलंच नव्हतं.

परत आल्यावर सर स्टँडसमोरच्या किल्लीवाल्याकडे वळले. घराची किल्ली पुढे करून म्हणाले, अशीच आणखी एक.

"सर, दोन मालक?" मी छेडलं.

"मी घरी नसलो," सर म्हणाले, "अन् त्या उन्हात बाहेर उभ्या राह्यल्या तं?"