रेंज पेरूखाली मिळेल

"ताई, धुकं उतरलं का ही डिश आंदळी व्हती. हिच्या भरवशावर लेकरू नका ठिवू," आमच्या छतावर इंटरनेटची डिश बसवताना अंबाजीभाऊंनी बजावलं होतं. मी हसले! कुरवंडे रस्त्याला फायबर येत नाही, मोबाइलची रेंज फक्त परसातल्या पेरूखाली. मग उरलं काय? टेकडीवरच्या टॉवरकडे तोंड केलेली भाऊंची डिश! घेतली. हॉलमध्ये कॅमेराही लावला. आता वडगावच्या ऑफिसात बसून दहा महिन्यांच्या सईवर माझी अशी नजर, की मुंगीनेही परवानगी काढून चढावं!

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कॅमेरा उघडला आणि हातातला घास डब्यात टाकला. सासूबाई खुर्चीत, मान मागे, डोळे मिटलेले, तोंड उघडं! सईचा हात चहाच्या कपापाशी. आई हलेनात. सईही हलेना. घाबरून थिजली बिचारी!

नाक्यावरच्या टपरीवाल्या झुंबरमावशींना फोन लावला. "मावशी, पळा! आईंना काहीतरी झालंय!"

"आगं बया! ही निघालेच बग!"

गेल्या त्या गेल्याच. मग अंबाजीभाऊंना पिटाळलं. तेही गडप! तळेगावच्या कंपनीतून नवऱ्याला, श्रीयशला, स्कूटरवरून धाडलं. घर होतं की अजगर? जाईल त्याला गिळत होतं!

शेवटी लोकल, रिक्षा आणि रडारड करत मीच पोचले. धुक्यात फाटक सापडेना. दारात चपलांचा ढीग बघून तर चपला न काढताच आत धावले.

आत कांदाभजी! मावशी तळतायत, भाऊ खातायत आणि आईंच्या मांडीवर सई टाळ्या पिटतेय!

"आई, तुम्ही मान टाकून..."

"अगं, शिंकत होते मी! तेवढ्यात तुझं नेट जाऊन चित्र थिजलं असेल."

"आणि तो चहा?"

"रिकामा कप होता. तुझा नवरा मीच वाढवलाय, विसरलीस?"

"मावशी, एक फोन तरी करायचा!"

"दोनदा पेरूखाली गेले. तुजाच फोन येंगेज!"

 अंबाजीभाऊ फक्त छताकडे बघत भजं चावत राहिले.

मी सईला असं कवटाळलं, की तिच्या गालावरचा वरणभात माझ्या केसांत गेला. मग मांडी ठोकून दोन बशा भजी संपवली. इतकी चव आयुष्यात कशाला आली नव्हती!

फक्त एक राहिलं. सगळं ठीक आहे, हे श्रीयशला कळवायचंच विसरले! तो अजून पोचला नाही, फोनही लागत नाही. ही पोस्ट मी पेरूखाली छत्री धरून लिहितेय. जुन्या हायवेला, कार्ला फाट्याच्या आसपास कुणी असाल, तर निळ्या स्कूटरवर, हेल्मेटमध्ये रडणारा एक माणूस दिसतोय का, जरा बघाल? त्याला म्हणावं, शिंक होती!