साळवे सरांचा सर्ब

टेंभुर्णीच्या शाळेत सोमवारी परिपाठाला आधी प्रार्थना व्हायची, मग सुविचार आणि मग साळवे सर सर्बाची बातमी सांगायचे. फलकावर सुविचाराखाली खडूने लिहिलेलं असायचं, ‘सर्बाचा आणखी एक गोल.’ पोरं टाळ्या वाजवायची. सर्ब म्हणजे काय, हे मुख्याध्यापकांनाही ठाऊक नव्हतं. पण टाळ्या तेही वाजवायचे.

सर खेळाचे शिक्षक. एका जुन्या इंग्रजी मासिकात त्यांना सर्बियाच्या या फुटबॉलपटूचा फोटो सापडला होता, फक्त चेहऱ्याचा. खाली नाव आणि दोन ओळी: देशात लढाई पेटलेली, गडी परक्या देशात क्लबकडून खेळतोय. तेवढ्यावर सरांनी त्याला दत्तक घेतलं.

कुणी पोट दुखतं म्हणून सुट्टी मागितली की सर म्हणायचे, “त्याच्या गावावर बॉम्ब पडून राह्यलेत, घरी फोन लागत न्हाई, तरी गडी मैदानात. अन् तुला अजीर्ण.” गुडघेदुखीमुळे ग्रामसभा बुडवणाऱ्या सरपंचांनाही त्यांनी हेच ऐकवलं.

सरपंच म्हणाले, “तुमचा सर्ब आमच्या वॉर्डात हाय का, सर?”

“असता तर तुम्ही निवडून आले नसते.”

आता माझा गुन्हा. मी सरांचा जुना विद्यार्थी, तेव्हा जालन्याला कॉलेजात होतो. ग्रंथालयातल्या इंग्रजी पेपरात सर्बाच्या सामन्याची बातमी शोधायची आणि शनिवारी गावी आलो की सरांच्या घरी जाऊन सांगायची, हे काम त्यांनी मला दिलं होतं. दोन आठवडे मी प्रामाणिकपणे शोधलं. नाव सापडेना. तिसऱ्या आठवड्यात मी मॅटिनीला गेलो आणि येताना एसटीत एक गोल रचला. सर इतके खुलले की पुढच्या शनिवारी मी दोन दिले. एकदा तर डोक्याने मारलेला.

“बिलकुल, मला वाटलंच व्हतं,” सर म्हणाले.

कॉलेज संपेपर्यंत हे चाललं.

गेल्या महिन्यात शाळेने सरांचा सत्कार ठरवला. सर सर्बावर बोलणार होते. मी सहज मोबाईलवर त्याचं नाव शोधलं. गडी गोलकीपर होता. अख्ख्या कारकिर्दीत एकही गोल नाही. समोर बसणाऱ्या पोरांच्याही खिशात मोबाईल. सर भर सभेत खोटे ठरणार होते, माझ्यामुळे.

सत्कार रविवारी होता. शनिवारी मी सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत होईना.

सर चहा गाळत होते. “गोलकीपर. म्हाईत हाय मला,” ते म्हणाले. “तिसऱ्याच महिन्यात जालन्याला जाऊन वाचून आल्तो.”

“मग फलकावर का लिहीत राहिलात?”

“तुझी काकू त्याच साली गेल्ती, दिलीप. घरात दोन कप चहा फक्त शनिवारी व्हायचा. तुला थापाड्या म्हणलो असतो, तर पुन्हा आला असतास का?”

कॉलेज संपल्यावर मी एकाही शनिवारी या घरी आलो नव्हतो.

“उद्या खरं सांगतो पोरांना. तुझं नाव घेत न्हाई,” म्हणत सरांनी कप माझ्यापुढे सरकवला. मग खुर्ची जवळ ओढून बसले. “हां, मंग? या आठवड्यात काय केलं सर्बानं?”

“गोल नाही केला, सर. तीन अडवले.”

“बराबर,” सर म्हणाले. “आता पटती बातमी.”