मुलाणी सरांची पृथ्वी

आमच्या शाळेत वर्षातून एकदा नववीचा वर्ग पृथ्वी खातो. सोबत शेंगदाण्याची चटणी असते.

ही पृथ्वी म्हणजे बाजरीची भाकरी, आणि ती आणणारे आमचे भूगोलाचे मुलाणी सर. खंड सरकतात हा धडा ते फळ्यावर शिकवतच नाहीत. टेबलावर निळा कागद पसरतात, त्यावर ताटाएवढी भाकरी ठेवतात आणि म्हणतात, "बघा रं. सगळी जमीन अशी एका जागी हुती." मग भाकरी मधोमध फाडतात. एक तुकडा आफ्रिका, दुसरा दक्षिण अमेरिका. भाकरीला तीळ लावलेले असतात. फाटलेल्या कडेच्या दोन्ही बाजूंना ते दिसतात. सर एखाद्या मुलीला उभं करतात.

"हितला तीळ तितं कसा गेला? पवत गेला?"

"न्हाय सर. भाकरच तुटली."

"तसंच. एकाच जातीच्या जनावराची हाडं दोन्हीकडच्या दगडात गावली. ते काय समुद्र पवून गेलं न्हाय. जमीन तुटली आन सरकली."

त्यानंतर खंड वाटून खायचे. लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला लागलेले आमचे जुने विद्यार्थी भेटले की अक्षांश-रेखांश काही सांगू शकत नाहीत, पण आपल्या वाट्याला कोणता खंड आला होता ते बरोबर सांगतात.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. शाळा लासुर्ण्याच्या जवळ, तिन्ही बाजूंनी ऊस. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची सरांच्या शेजारी आहे, त्यामुळे त्यांचं एक वाक्य मला दिवसातून चारदा ऐकावं लागतं. "सरकतंय, फक्त दिसत न्हाय." बारामतीची एसटी वेळेवर आली नाही, सर म्हणणार सरकतंय. माझी वेतनश्रेणीची फाईल तीन वर्षं एकाच टेबलावर, तरी सरकतंय. गणितात चार मार्क पडलेल्या पोराचा बाप रडकुंडीला आला, तर त्याच्या पाठीवर हात ठेवून, "तात्या, गेल्या बारीला दोन हुते. सरकतंय."

दुसरी खोड म्हणजे काही फुटलं की आधी त्याच्या कडा जुळवून बघायच्या. शिपायाच्या हातून कप फुटला तर सर खाली बसून तुकडे जुळवत राहतात, आणि शिपाई झाडू घेऊन ताटकळत उभा. मी एकदा म्हटलं, "सर, टाकायचाच आहे ना तो?" तर म्हणाले, "टाकायचाय की. पण एक हुता, एवढं बघून टाकावा."

पृथ्वी करायच्या त्यांच्या बेगम. आम्ही सगळे त्यांना भाभी म्हणतो. हाताला अशी चव आणि असा गोलावा, की कंपासनं काढल्यासारखी भाकरी. दिवाळीच्या सुट्टीत भाभींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. त्याहून वाईट म्हणजे त्या स्वयंपाकघरात पाय टाकेनाशा झाल्या. भिंतीकडे तोंड करून बसायच्या. बारामतीचे डॉक्टर म्हणाले होते, हाताला काम द्या, नाहीतर तो कायमचा रुसेल. एवढं एकदाच सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही.

आणि नववीचा तो धडा थांबला. सर पुढचे धडे शिकवून मोकळे झाले, हा तसाच. चाचणीला दीड महिना उरला तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून प्रोजेक्टरवर एक फिल्म दाखवली. सर शांतपणे म्हणाले, "ह्यात खंडं पाण्यावर तरंगत्यात सर. पोरांना होड्या वाटतील."

"मग हॉटेलातून भाकरी आणा."

"हॉटेलची नगं. हुईल आमच्या घरची. सरकतंय."

मग सुरू झाला आमचा छळ. सर रोज डब्यातून एक भाकरी जादा आणू लागले. "आता मीच शिकतोय, शिंदे बाई. खाऊन सांगा." ती भाकरी एका बाजूला बोटभर जाड आणि दुसऱ्या बाजूला पापड. मध्ये भोक. कधी कच्ची, कधी कोळसा. पहिल्या दिवशी पीटीचे सर म्हणाले, "ही ऑस्ट्रेलिया." दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "सर, ही भाकरी नाही, भूकंप आहे." सगळे पोट धरून हसले आणि सर सर्वांत जास्त हसले. मात्र डबा रिकामा झाल्याशिवाय ते उठत नसत. मी दोन घास खायचे आणि उरलेली भाकरी खिडकीतून शाळेच्या कुत्र्याला घालायचे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

असे पाच आठवडे गेले. चाचणीच्या चार दिवस आधी सर भाकरी घेऊन थेट वर्गात गेले. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. भाकरी वाकडीच होती, पण अखंड होती आणि तिला तीळ होते. सरांनी ती मधोमध फाडली. पोरांनी खंड वाटून घेतले, चटणी संपवली.

तास संपल्यावर सर म्हणाले, "बाई, घरी येता का जरा? वर्गात काय झालं ते तुमीच सांगा. माझ्यावर तिचा इश्वास न्हाय."

भाभी ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. तीळ, आफ्रिका, एका पोरीनं अंटार्क्टिका मागून घेतली ते. त्या ऐकत होत्या आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत होत्या. नखांत पीठ वाळलेलं होतं.

सरांनी माझ्यासाठी ताट आणलं. ताटात दोन भाकरी, पातळ, गोल, टम्म फुगलेल्या. मी म्हटलं, "वा भाभी, हात आला की पहिल्यासारखा."

भाभी एकेक शब्द जुळवत बोलल्या. "ह्या... ह्यांनी केल्यात. झटका आला तवापास्नं... सैपाक ह्येच करत्यात. माझ्या... तुमच्याकडं येत्यात की. साळंत."

माझा घास हातातच राहिला. मी सरांकडे बघितलं. ते तांब्या घेऊन पाणी आणायला आत निघाले होते.

भाभी जरा पुढे झुकल्या. "हे सांगत्यात... शिंदे बाई रोज मागून घेत्यात म्हणून. डबा रिकामा येतो. खरं हाय का?"

आतून तांब्या भरण्याचा आवाज थांबला.

"व्हय भाभी," मी म्हटलं. "पण एकीनं भागत न्हाय. उद्यापास्नं दोन पाठवा."