रुमाजी निगडे यांच्या उलट्या मुजऱ्याची हकीगत

आई गडदेवी उभ्यास उभें राखो, उलट्यास सुलटें करो. शके अठराशें एकुणसाठ, ईश्वरनाम संवत्सर, आश्विन मास. ते समयीं एका राज्यांत चाल ऐसी होती कीं, दसऱ्यास महाराजांनीं विमानीं बसून सीमोल्लंघन करावें आणि गडदेवीच्या माथ्यावर विमानाची चपळ गिरकी घेऊन मुजरा घालावा. विमान हांकणार रुमाजी निगडे, मर्द माणूस. यंदा महाराज नवस बोलले कीं, आरती संपेतों विमान उलटेंच ठेवूं. त्याकरितां कसरतीच्या इंजिनाचें नवें विमान आणविलें. त्याचें पेट्रोल दाबानें जाई, विमान उलटें असो वा सुलटें, आणि तेलाचीही तैसीच तजवीज होती. परंतु खंडेनवमीस दिवाण विसाजीपंतांनीं जुनें विमान पूजेस लाविलें आणि बोलिले, "नव्यानें अजून घरचें मीठ खाल्लें नाहीं. जुनें इमानी आहे." आणि ज्या हत्याराची पूजा जाहली तेंच दुसरे दिवशीं बाहेर पडावें, ही चाल मोडावी कोणीं? मग रुमाजी पुढें जाहले. हात जोडून बोलिले, "महाराज, इमानाचा सवाल नाहीं. जुन्याचें पेट्रोल आधीं इंजिनाच्या वाटींत साठतें. गिरकी निभते, पण फार वेळ पालथें राहिलें तर इंजिन उपाशी मरेल. मला भय वाटतें." महाराज हंसून म्हणाले, "निगडे, तुम्ही भागूबाई निघालांत कीं!" आणि सारा दरबार खदखदां हंसला.

दसऱ्यास महाराज पुढील आसनीं बसले आणि विमान उडालें. भयानेंच रुमाजींनीं विमान नेहमींपेक्षां बहुत उंच नेलें. महाराज मागें वळून ओरडले, "खालीं घ्या! देवीस मुजरा ढगांतून घालावा काय?" रुमाजींनीं जन्मांत प्रथमच हुकूम ऐकून न ऐकल्यासारखें केलें. मग गड आला आणि विमान उलटें जाहलें. इंजिन एकदां खोकलें, दुसऱ्यांदां खोकलें, आणि गप्प जाहलें. खालच्या आरतीच्या झांजा स्वच्छ ऐकूं आल्या. महाराज पट्ट्यांस लोंबकळत होते आणि त्यांचें पागोटें गरगरत खालीं चाललें.

"निगडे, आवाज कां थांबला?"

"इंजिन उपाशी आहे, महाराज."

"मग आतां?"

"घट्ट धरून बसा."

रुमाजींनीं विमान सुलटें करून नाक खालीं घातलें, आणि पंखा वाऱ्यानें फिरत राहिला, आणि गडावरचीं झाडें भराभर मोठीं होऊं लागलीं. रुमाजींस देवीचें नांवही आठवेना. मग वाटींत पेट्रोल उतरलें, इंजिन गुरगुरलें आणि विमान देवळाच्या कळसावरून निघून गेलें.

खालीं जयजयकार जाहला. विसाजीपंत सद्गदित होऊन म्हणाले, "महाराजांनीं पागोटेंही देवीस वाहिलें!" विमान मैदानावर उतरलें आणि महाराज बाहेर आले. ते रुमाजींच्या खांद्यास धरून हळूच बोलिले, "इतकें भय होतें, तर आधीं सांगायचें."

"सांगितलें होतें, महाराज. दरबार हंसला."

"आम्हीही हंसलों," महाराज म्हणाले आणि खांदा सोडिला नाहीं.

पुढील वर्षीं नव्या विमानाची पूजा जाहली. जुनें सरळ वाटेनें टपाल नेऊं लागलें आणि तेथें त्यानें कधीं दगा दिला नाहीं. सारांश, इंजिन वाईट नव्हतें, मागितलेलें काम त्याचें नव्हतें. आणि रुमाजी भ्याले म्हणून दोघे वांचले. तेव्हांपासून त्या दरबारांत कोणीं भय बोलून दाखविलें तर हंसण्याची चाल राहिली नाहीं. महाराज पुढें सरून इतकेंच पुसतात, "किती उंच जावें?"