कडेलोटातली पायवाट

या, जरा पुढं सरकून बसा, मागच्यांना जागा होईल. सायकलच्या एका खेळाची गोष्ट सांगतो. पोट धरून हसलात तरी पाप लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रोटोरुआत मूल आधी सायकलवर चढतं आणि मग चालायला शिकतं. अशा गावात हेमी पराटेनेला सायकल येत नव्हती, आणि गावच्या साप्ताहिकात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचा तोच. आजवर ते खपून गेलं. मग बाजारात आला ‘कडेलोट’. डोंगरावरून सायकल सोडायची, हवेत कोलांट्या घ्यायच्या आणि जमलं तर हाडं शाबूत ठेवून उतरायचं. ऑकलंडच्या बड्या मासिकांनी निकाल देऊन टाकला होता: उड्या झकास, बाकी सगळं रिकामं. संपादक लोर्नाबाईंनी हेमीला बजावलं, की गाव सायकलवाल्यांचं आहे; हे परीक्षण फसलं तर सदर बंद, आणि तूही घरी.

हेमी पहिल्याच उडीला आपटला. पुन्हा आपटला. आठवडाभर आपटत राहिला. पडद्यावरचा स्वार दर वेळी कपडे झटकून उठायचा, हेमीचा अंगठा मात्र सुजून बटाटा झाला. शुक्रवार उजाडला, दुपारी मजकूर द्यायचा, आणि याला बटण दाबवेना.

तेवढ्यात ताज्या पावाचा डबा घेऊन हेमीची नायरी आंटी आली. चर्चच्या गाण्यात पहिला सूर हिचा. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“कुणाचं लेकरू रे हे? आणि तू त्याला कड्यावरून ढकलतोस?”

“आंटी, खेळच तसा आहे.”

“आण इकडं.”

आता देवाची करणी बघा. इतक्या बटणांतून आंटीला सापडला तो ब्रेक. तिनं स्वाराला खाली उतरवलं, सायकल हातात धरायला लावली आणि कड्याच्या कडेनं झाडीतली पायवाट धरली. अशी वाट तिथं आहे, हे हेमीच्या स्वप्नातही नव्हतं. आंटी स्तोत्र गुणगुणत निघाली. डोक्यावरून कोलांट्या मारत जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं “सावकाश रे बाळा” म्हटलं. वाटेकडेच्या नेच्यांची पानं न्याहाळली, ओढ्यापाशी थांबली, तळ्याकाठी पोराला विसावा दिला आणि पायथ्याशी पोचली. पडद्यावर गुणांचं भलंमोठं शून्य झळकलं.

“बघ,” आंटी समाधानानं म्हणाली, “शून्य. एकदासुद्धा खरचटलं नाही.”

हेमीपाशी लिहायला दुसरं काही नव्हतंच. ‘कडेलोट हा पायी चालण्याचा सुरेख खेळ आहे,’ त्यानं लिहिलं, ‘मन निवतं. सायकल नसती तरी चाललं असतं.’ लोर्नाबाई दाढ काढायला गेल्या होत्या, म्हणून ते जसंच्या तसं छापून आलं.

सोमवारी गाव खदाखदा हसत होतं. हेमी दिसला की पोरं सायकलवरून उतरायची आणि ती हातात धरून त्याच्या मागं मिरवणुकीनं चालायची. मग थट्टा रंगवायची म्हणून त्यांनीही खेळात ती पायवाट धरली, आणि आया हाका मारून थकल्या तरी जेवायला कोणी उठेना.

हे कळायच्या आत लोर्नाबाईंनी हेमीला बोलावलं होतं. गाल सुजलेला, त्यामुळे राग दुप्पट दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं आणि फोन वाजला. खेळ बनवणारी डनेडिनची कंपनी. आता शिव्या ऐक, अशा थाटात बाईंनी स्पीकर लावला.

पलीकडून दबलेला आवाज आला. “मी मर्डो. खेळातली झाडं मी चितारलीत. सगळे वरून उडून जातात हो. इथं मला काढून टाकायचं घाटत होतं, तेवढ्यात तुमचं परीक्षण आलं... नेचे जमलेत ना?”

हेमीला खोटं बोलवेना. “आंटी थांबून थांबून बघत होती,” तो म्हणाला, आणि मग सगळंच सांगून बसला.

फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं, “म्हणजे परीक्षण तुझं नाहीच?”

“नाही.”

“मग सदर चालू राहील. आंटी सांगेल, तू टाइप करशील. पुढचा खेळ बॉक्सिंगचा आहे.”

आंटीनं समोरच्या पैलवानाला आधी ‘जेवलास का’ विचारलं म्हणतात. ते असो. मंडळी, तुम्ही उड्या जरूर मारा. पण हवेत असाल तेव्हा एकदा खाली बघा, आणि डनेडिनच्या मर्डोची आठवण काढा. बिचाऱ्यानं पान अन् पान हातानं काढलंय.